बातमीमागचा अभ्यास



दहावीनंतर काय करणार, असे वर्गात विचारले की एखादा तरी विद्यार्थी म्हणतो, "सर, मला टीव्हीवर घोटाळे बाहेर काढायचे आहेत." ऐकून आनंद होतो. पण त्याला कॅमेरा दिसतो, त्यामागचा अभ्यास दिसत नाही.

सुचेता दलाल यांचेच उदाहरण घ्या. धारवाडला त्यांनी संख्याशास्त्राची पदवी घेतली, पुढे मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले. २३ एप्रिल १९९२ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांची बातमी आली. स्टेट बँकेच्या रोख्यांच्या हिशेबात सुमारे ५०० कोटी रुपयांचा मेळ लागत नव्हता. बँकांचा पैसा हर्षद मेहता हा दलाल शेअरबाजारात फिरवीत होता. काही बँकांच्या पावत्यांमागे तर रोखेच नव्हते! २०२० साली हे प्रकरण मालिकेतून घरोघरी पोहोचले. परंतु ते उघडकीस आले ते बाईंना आकडे वाचता येत होते म्हणून. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

रहाटणीत आपल्यापैकी अनेकजण कारखान्यांत राबतात. त्यांच्या घामाचा पैसाही बँकेतच असतो. म्हणून विद्यार्थ्यांनो, गणिताला भिऊ नका. घरचे पासबुक वाचायला शिका. आणि पालकहो, मुलीने "हे असे का?" म्हणून विचारले, तर तिला गप्प बसवू नका. तिला पुढे शिकवा. उद्या तोच प्रश्न ती सर्वांच्या वतीने विचारील.