पात्याआधी वारा मोजा



साताऱ्याकडे वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्या पाहिल्या की मनात येतंच, आपल्या शिरड शहापूरच्या माळावर अशी एखादी लहान चक्की उभी केली तर विहिरीवरची मोटार चालणार नाही का? हळदीला पाणी द्यायला अपरात्री उठून जावं लागतं, तेव्हा असा विचार येणं साहजिक आहे. पण पैसे मोजण्याआधी वारा मोजावा, एवढंच आज सांगायचं आहे.

वाऱ्यावर जागच्या जागी वीज करणं ही गोष्ट नवी नाही. डेन्मार्क देशात आस्कोव गावी पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ सालीच पवनचक्कीवर वीज तयार केली. आपल्या राज्यात देवगडला १९८६ साली पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पण देवगड समुद्रकाठी, आणि चाळकेवाडी उंच पठारावर. तिथला वारा वेगळा, आपला वेगळा.

आता हिशेब पाहा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट नाही, आठपट होते. आणि वेग निम्मा झाला की आठवा हिस्साच उरतो. दोन मीटर व्यासाचं चाक घ्या. वाऱ्यातल्या शक्तीचा चौथा हिस्सा हाती लागतो असं धरलं, तर ताशी १२ किलोमीटर वाऱ्याला जेमतेम १५ ते २० वॅट वीज मिळेल. ताशी २४ किलोमीटरला १४० वॅटच्या आसपास. तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीला मात्र सुमारे २,२०० वॅट लागतात. म्हणजे एवढ्या चक्कीवर आखाड्यावरचे दिवे लागतील, मोबाइल, फवारणी पंपाची बॅटरी भरेल. मोटार चालणार नाही.

दुसरी अडचण ऋतूची. आपल्याकडे जोराचा वारा आषाढ-श्रावणात. पिकाला पाणी हवं असतं थंडीत, आणि तेव्हा वारा पडलेला. उपणणीला वाऱ्याची वाट पाहत खळ्यावर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग वारा मोजायचा कसा? माळावर उंच काठीला हलकं फडकं बांधा. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाहा आणि वहीत लिहा. तोंडाला वारा लागतो, पानं सळसळतात : ताशी ६ ते ११ किलोमीटर. पानं सारखी हलतात, फडकं ताणून उभं राहतं : १२ ते १९. धूळ, कागद उडतात, बारीक फांद्या हलतात : २० ते २८. वर्षभर नोंद ठेवा. बहुतेक नोंदी पहिल्या प्रकारात आल्या, तर चक्कीचा नाद सोडा. बहुतेक यंत्रं एवढ्या वाऱ्याला नीट फिरतसुद्धा नाहीत.

वारा पुरेसा निघाला, तर या गोष्टी पाळा :

१. चक्की झाडं-घरांच्या वर, मोकळ्या जागी उभारा. अडलेला वारा पात्यांना मानवत नाही.
२. खांबाला पक्के ताण आणि वीज पडण्यापासून संरक्षण हवं.
३. जोडीला सौर पत्रा ठेवा. आभाळ भरलेलं असतं तेव्हा वारा असतो, वारा पडतो तेव्हा ऊन असतं.
४. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधीच धरा.
५. विकणाऱ्याला विचारा : “किती वाऱ्याला किती वॅट?” उत्तर लेखी घ्या. नुसता मोठा आकडा सांगितला तर तो जोराच्या वाऱ्याचा असतो.

आणि मोटारच चालवायची असेल, तर आपल्या भागात सौर पंप बरा. राज्यात २०२४ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठरवला आहे. अर्ज करण्याआधी चालू नियम विचारून घ्या.

वारा फुकट असतो, मंडळी. चक्की फुकट नसते. तेव्हा आधी वही, मग पातं. नमस्कार!