रुग्णाच्या उशाशीं खेळ



आजाऱ्यास औषध द्यावें, त्याचें पथ्य सांभाळावें, त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, हें आपण जाणतों. परंतु त्यास खेळावयास द्यावें असें कोणी म्हटलें, तर आपण हंसतों. खेळ हा धडधाकट माणसाचा, अशी आपली समजूत. ती खोटी कशी ठरली, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं ज्याच्या पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जू दुखावे, त्याची आशा डॉक्टरही सोडीत. पाठीस पडलेल्या जखमा आणि मूत्रमार्गाचे विकार यांनींच बहुतेकांचा अंत होई. १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मॅन्डेव्हिल येथें अशा रुग्णांसाठीं एक विभाग निघाला व तो डॉ. लुडविग गुटमन यांजकडे आला. हे यहुदी, हिटलरच्या छळामुळें १९३९ सालीं जर्मनी सोडून आलेले. त्यांनीं प्रथम दर दोन तासांनीं, रात्रींदेखील, रुग्णांस कुशीवरून वळविण्याचा परिपाठ घातला. शरीरें वांचूं लागलीं. पण जो विशीतला तरुण भिंतीकडे तोंड करून पडला आहे, त्यानें वांचावें कशासाठीं?

तेव्हां त्यांस चाकांच्या खुर्चीवर बसवून हातीं चेंडू दिला, धनुष्य दिलें. धनुष्याची निवड मोठी मार्मिक. पाय गेलेल्यानें खुर्चींत तोल सांभाळावयाचा तो पाठ, खांदे आणि दंड यांच्या बळावर. आणि धनुष्याची दोरी ओढतांना तेच स्नायू राबतात. हात शंभर वेळां उचल म्हटलें तर रुग्ण कंटाळतो. पण शेजाऱ्याचा बाण लक्ष्याच्या अधिक जवळ लागूं द्या, कीं तो आपण होऊन आणखी एक बाण मागतो. ह्या मागण्यांतच अर्धा उपचार आहे, असें आम्हांस वाटतें.

२९ जुलै १९४८ रोजीं, लंडनचे ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशीं, स्टोक मॅन्डेव्हिलच्या हिरवळीवर १६ अपंग स्त्रीपुरुषांनीं धनुर्विद्येचा सामना केला. १९६० सालीं हेच सामने रोमला भरले. २३ देशांतून सुमारें ४०० खेळाडू आले, आणि परमगुरुस्वामी तेविसावे जॉन यांनीं त्यांस भेटीचा मान दिला.

आपल्या सांगली जिल्ह्यांतले श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यांतले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं लुळे झाले. उपचार म्हणून पोहूं लागले आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें; अपंगांच्या ऑलिंपिकांतील भारताचें तें पहिलेंच.

आपण मात्र पक्षाघात झालेल्या आजोबांस भेटावयास जातों तें संत्रीं घेऊन, आणि त्यांच्यादेखतच "बिचारे!" म्हणून उसासा टाकून परततों. त्यापेक्षां कॅरमचा पट न्यावा. अधू हातानें सोंगटी उचलणें हा त्या बोटांचा व्यायामच आहे. गळा असेल तर गाणें म्हणवावें. जें पूर्वीं आवडत होतें तेंच आधीं. खेळतांना मुद्दाम हरूं मात्र नये. आजाऱ्यास तें तत्काळ कळतें, आणि फार लागतें.

डॉक्टरांस विचारून आरंभ करावा. ज्याच्या अंगास स्पर्श कळत नाहीं, त्यास डाव रंगला म्हणून एकाच बैठकीवर तासन्‌तास बसूं देऊं नये. मधून मधून वजन उचलून बूड हलवावें, नाहींतर जखम होते आणि त्यास कळतही नाहीं.