लहान मुलांचा इसब

वर्ष-दीड वर्षाचे मूल मध्यरात्री जागे होते आणि गाल उशीवर घासू लागते. आई त्याचे हात धरून बसते. सकाळी पाहावे तो गाल लाल आणि ओलसर, उशीवर रक्ताचे ठिपके. हा लहान मुलांचा इसब. तो प्राणघातक खचित नव्हे. परंतु तो मुलाची झोप नेतो आणि त्याबरोबर साऱ्या घराची.

पूर्वी लोक यास रक्तातील दोष समजत. २००६ साली असे आढळून आले की, यांपैकी काही मुलांच्या त्वचेत फिलॅग्रिन नावाचे प्रथिन अनुवंशानेच उणे असते. भिंतीच्या विटांमधील चुना झडावा, तशी ही त्वचा होते. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची क्षोभक द्रव्ये आत शिरतात. म्हणून उपचाराचा पाया स्निग्धतेचा. स्नान थोडक्यात व कोमट पाण्याने करावे, डाळीचे पीठ चोळू नये. अंग टिपून ते ओलसर असतानाच व्हॅसलीनसारखे द्रव्य लावावे. दूध-अंडी मात्र केवळ संशयावरून बंद करू नयेत. त्याने मूल अशक्त होते.

लाली व खाज वाढली म्हणजे स्टेरॉइडचे मलम लागते. १९५२ साली हायड्रोकॉर्टिझोनच्या मलमाचा गुण प्रथम दिसून आला. येथे दोन चुका घडतात. कोणी भीतीने ते नखभर लावून दोन दिवसांत सोडतात. कोणी औषधांच्या दुकानातून तीन-चार औषधांचे मिश्र मलम आणून महिनोन्महिने गालांस चोळतात, आणि नाजूक कातडी पातळ होते. वस्तुतः मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावेल एवढे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम, बोटांसह दोन पंजांएवढ्या जागेस पुरते. अतितीव्र रोगासाठी आता इंजेक्शनेही निघाली आहेत. त्यांपैकी एकास २०२२ साली अमेरिकेत सहा महिन्यांच्या बालकांपासून पुढे मान्यता मिळाली. परंतु ती महाग आहेत, आणि बहुतेक मुलांस त्यांची गरज नसते.

गरज असते ती शिकविण्याची. जर्मनीत आईबापांना आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे या रोगाचे शिक्षण दिले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत, वर्षानंतर पाहता, त्यांच्या मुलांचा रोग इतरांहून सौम्य आढळला. आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका मुलाच्या वाट्यास चार-पाच मिनिटेच येतात. त्यांतील एक मिनिट परिचारिकेने आईच्या बोटावर मलम घेऊन दाखविण्यात घालविले, तर ते चिठ्ठीवरील औषधाइतकेच गुणकारी ठरेल.

आणि आईनेही चिठ्ठी घेऊन लगेच उठू नये. कोणते मलम कोठे, किती आणि किती दिवस, हे विचारूनच उठावे. या प्रश्नांच्या उत्तरांवर त्या घराची रात्रीची झोप अवलंबून आहे.