दुखत नाही, तरीही तपासणी



नेत्रशिबिर, रक्तदान आपण उत्साहाने करतो. स्तनाच्या कर्करोगाचा उच्चारही टाळतो. मुलीच्या सोयरिकीत अडथळा नको म्हणून माउली गाठ लपविते. शिवाय सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यांतील 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्यांना, लक्षण नसतानाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पन्नास व त्यापुढील महिलांत या रोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मृत्यूत तशी घट आढळली नाही. हेही सांगितलेच पाहिजे. कापडातील डाग झाकून विकणे व्यापारधर्मात बसत नाही.

या सुवर्णमहोत्सवी वर्षी ट्रस्टने पन्नाशीपुढील श्राविकांसाठी ही तपासणी सुरू करावी. तपासणाऱ्या महिलाच असाव्यात, नावाची वाच्यता नसावी. एका शिबिराचे छायाचित्र छापून थांबू नये. दोन वर्षांनी पुन्हा बोलवावे. गाठ आढळल्यास बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळ आहे. तेथवरच्या प्रवासाचा व पुढील तपासणीचा खर्च ट्रस्टने उचलावा, ही विनंती.