रेवासागरसंगम आणि परिक्रमेचे मर्म

(मठाच्या वर्धापनोत्सवात हबीबगंज, भोपाळ येथे केलेले भाषण)

 

आजच्या मंगलप्रसंगी श्रीनर्मदापरिक्रमेविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा झाली आहे. भोपाळकरांना हा विषय दूरचा नाही. येथील स्थानकाला 2021 पासून राणी कमलापती हे नाव मिळाले. तेथून दक्षिणेस निघालेली गाडी विंध्याचा घाट उतरून तास-दीड तासात नर्मदातीरी पोहोचते. ते पूर्वीचे होशंगाबाद, आजचे नर्मदापुरम. भोपाळच्या दक्षिणेस उगम पावणारी वेत्रवती उत्तरेस वाहत यमुनेला मिळते व तिचे जल पूर्वसमुद्राला जाते. त्याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावरील जल रेवामाईबरोबर पश्चिमसमुद्राला जाते. दत्तभक्तांचा तर या नदीशी विशेष ऋणानुबंध आहे. कोकणातील माणगावी 1854 साली जन्मलेले प. पू. वासुदेवानंदसरस्वती टेंबे स्वामी भारतभर पायी हिंडले आणि 1914 साली गरुडेश्वरी, याच मातेच्या कुशीत, समाधिस्थ झाले.

अमरकंटकापासून सागरापर्यंत नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर. दोन्ही तीर चालावयाचे म्हणजे अडीच हजारांहून अधिक किलोमीटरांची पायपीट. मार्कंडेय ऋषींना परंपरा आद्य परिक्रमावासी मानते. तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस हा शास्त्रोक्त काळ, चातुर्मासात मुक्काम. मैया सदैव उजव्या हाताला ठेवावी, प्रवाह कोठेही ओलांडू नये, द्रव्यसंचय करू नये आणि मिळेल त्या भिक्षेवर निर्वाह करावा, हे नियम.

यांपैकी प्रवाह न ओलांडण्याचा नियम वरवर पाहता साधा वाटतो. परंतु सगळ्या परिक्रमेचे मर्म त्यातच साठवले आहे. समोरच्या तीरावरचे देऊळ स्पष्ट दिसते, तेथली घंटा ऐकू येते, पूलही जवळच असतो. तरीही तेथे जावयाचे नाही. जावयाचे असेल तर समुद्राला वळसा घालून, महिन्यांनी. मनुष्याच्या उतावळ्या मनाला याहून कठोर आणि याहून मायाळू गुरू कोणता?

दक्षिणतीराने पश्चिमेस जाता जाता परिक्रमावासी अखेर हांसोट तालुक्यातील विमलेश्वरी येतो. पुढे खंबायतचे आखात. भरती-ओहोटीचा येथील चढउतार भारताच्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठ्या चढउतारांत गणला जातो. ओहोटीस दूरवर केवळ चिखल. भरतीस त्याच जागी अथांग पाणी. नाव केव्हा निघेल हे समुद्र ठरवतो. ज्याने शेकडो कोस पायांनी जिंकले, त्याचे पाय येथे निरुपयोगी ठरतात. त्याने हात जोडून वाट पाहावी आणि नावाड्याच्या स्वाधीन व्हावे. भरती आल्यावर नाव सोडतात. काही तासांनी ती उत्तरतीरी मिठी तलाई येथे लागते. खाऱ्या सागराच्या शेजारी गोड्या पाण्याचे स्थान, म्हणून ते नाव.

सज्जनहो, जी नदी कोठेही ओलांडू दिली नाही, ती येथे ओलांडली जाते. कारण येथे ती नदीच उरत नाही. आपले नाम, आपले रूप तिने सागराला दिले. ज्या स्थळी नर्मदा आपला अहंकार सोडते, त्याच स्थळी साधकाला पैलतीर मिळते. याहून अधिक वेदान्त मी काय सांगावा?

परंतु एक विचार मनाला सतत टोचतो, तो येथे मांडल्यावाचून राहवत नाही. पूर्वी शूलपाणीच्या झाडीत यात्रेकरूंना लुटून लंगोटीवर सोडीत. भाविक त्यालाही मैयाची इच्छा म्हणत. पण लुटणारा भिल्ल उपाशी होता, हे आपण क्वचितच बोललो. पुढे त्याच डोंगरांतील झोपड्यांनी परिक्रमावासीयांना भाकरी वाढली. सरदार सरोवराच्या जलाशयात नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारखी गावे 1993 पासून बुडू लागली. शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही पाण्याखाली जाऊन त्याची स्थापना गोरा येथे नव्याने झाली. वरच्या अंगास इंदिरासागरासाठी 2004 साली हरसूद शहर उठले. धरणाच्या पाण्याने शेते भिजली, दूरच्या नगरांची तहान भागली, हेही सत्यच. आपल्या भोपाळच्या नळालाही आज नर्मदेचेच पाणी येते. म्हणून दोष कोणाला द्यावा, हा प्रश्न मी येथे काढीत नाही. मी ऋणाविषयी बोलतो आहे. परिक्रमा चालणाऱ्याच्या पायांवर जितकी उभी आहे, तितकीच ती भिक्षा घालणाऱ्याच्या हातांवर उभी आहे. देणाऱ्याचेच घर उठले, तर मागणाऱ्याची झोळी कोणापुढे पसरावयाची?

आज अनेकजण मोटारीने थोड्या दिवसांत परिक्रमा करतात. वृद्धांनी, आजाऱ्यांनी तशी करावी. मैया भाव पाहते. मात्र चालणारा असो वा वाहनाने जाणारा, त्याने गरिबाच्या दारी गरजेपुरतेच घ्यावे, तीरावर कचरा टाकू नये, आणि घरी परतल्यावर तीरावरच्या एखाद्या विस्थापित कुटुंबाच्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा. शेवटच्या कढईच्या प्रसादाइतकेच हेही परिक्रमेचे उद्यापन होय. या वर्धापनवर्षी आपल्या मठाने असे सदावर्त चालविण्याचा संकल्प करावा, अशी माझी नम्र प्रार्थना आहे.

सागरापर्यंत जाण्याचे भाग्य सर्वांना लाभेलच असे नाही. परंतु वाट पाहणे, मागून खाणे आणि स्वाधीन होणे, ही तीन साधने घरबसल्याही साधता येतात. ती साधण्याचे बळ श्रीगुरू आपणा सर्वांस देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

नर्मदे हर!