बाळ कुणाच्या कडेवर होतं?



विषाणू म्हणजे काय आणि तो अंगात शिरतो कसा, हे कोरोनाने घरोघरी पाठ करून घेतलं आहे. तेव्हा थेट पाळणाघरात शिरू. आजचा विषय आहे तिथली तान्ही बाळं आणि आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू. मोठ्या माणसाचं याने बहुधा नाक वाहतं, एवढंच. तान्ह्याच्या बारीक श्वासनलिका मात्र सुजतात, चिकट स्रावाने भरतात, आणि बाळ दूध सोडून धापा टाकू लागतं.

साथ आली की पहिली धाव प्रयोगशाळेकडे असते. ती हवीच. पण कोणता विषाणू, एवढंच ती सांगते. तो या पाळण्यातून त्या पाळण्यात कसा गेला, हे कळायला एक घरगुती प्रश्न विचारावा लागतो: कोणतं बाळ कुणाच्या कडेवर होतं?

हा विषाणू सापडला तोही माणसात नव्हे. 1956 साली अमेरिकेत वॉल्टर रीड संस्थेच्या 14 चिंपांझींना सर्दी झाली. (हशा) हो, शिंका, गळणारं नाक, सगळं आपल्यासारखंच! त्यांच्या स्रावात नवा विषाणू मिळाला आणि चिंपांझींच्या नावावर लागला. पण त्यांच्याबरोबर काम करणारा एक माणूसही आजारी पडला होता, आणि त्याच्या रक्तात त्याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं निघाली. पुढे विषाणूतज्ज्ञ रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोरच्या दोन आजारी बाळांमध्ये तोच विषाणू सापडला. मग तिथल्या मुलांची रक्तं तपासली, तर चार वर्षांपर्यंतच्या बहुतेकांना तो होऊन गेलेला! चिंपांझींवरचा आळ तिथेच उतरला. (हशा)

चिंपांझींनी बराच वेळ खाल्ला, आता पाळणाघराकडे. नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिल इथल्या एका बालसंगोपन केंद्रात संशोधकांनी मुलांना तान्हेपणापासून वर्षानुवर्षं तपासलं. 1979 साली निष्कर्ष छापून आले. आरएसव्हीच्या साथीत पहिल्यांदा सापडलेल्या मुलांपैकी 98 टक्क्यांना संसर्ग झाला. दुसऱ्या खेपेला सुमारे 75 टक्के, तिसऱ्या खेपेला 65. एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, असं इथे नाही.

आता अमेरिकेतलंच रॉचेस्टर. डॉ. कॅरोलिन हॉल यांनी आधी रुग्णालयाच्या बालकक्षात पाहिलं, तर 24 कर्मचाऱ्यांपैकी 10 जणांना संसर्ग झालेला. मग 1981 साली त्यांनी 31 स्वयंसेवकांच्या तीन गटांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सात जणांनी आजारी बाळांना कुशीत घेतलं, भरवलं, लंगोट बदलले. दहा जणांनी बाळ खोलीत नसताना तिथल्या वस्तू हाताळल्या आणि तोच हात नाकाडोळ्यांना लावला. चौदा जण बाळापासून सहा फुटांहून दूर बसून राहिले. पहिल्या गटात पाच, दुसऱ्यात चार जणांना संसर्ग झाला. दूर बसलेल्यांपैकी एकालाही नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘हवेतून पसरणाऱ्या विषाणूंचे इतके पुरावे असताना हातांवरच भर का?’ प्रश्न रास्त आहे. 31 हा आकडा लहान आहे. जवळून खोकलं की थेंब उडतातच, आणि खिडक्या उघड्या हव्यातच. पण तान्हं मूल दिवसभर कुणाच्या तरी हातात असतं. पाळणाघरात सहा फुटांवरून कुणी बाळ सांभाळत नाही. (टाळ्या) टेबलासारख्या कडक पृष्ठभागावर हा विषाणू काही तास टिकतो, आणि खेळणं तर सरळ तोंडात जातं.

घड्याळाकडे बोट दाखवलं गेलं आहे, म्हणून लसीचं दोनच वाक्यांत. साठच्या दशकातल्या चाचणीत लस घेतलेल्या बाळांचा आजार उलट बळावला, दोन बाळं दगावली आणि काम कित्येक वर्षं मागे पडलं. 2023 साली अमेरिकेत गर्भवतींसाठी लस आणि बाळांसाठी दीर्घकाळ टिकणारं प्रतिपिंडाचं इंजेक्शन, दोन्हींना मान्यता मिळाली.

आणि आता पाळणाघर चालवणाऱ्यांकडे मागणं. हजेरीच्या वहीत आणखी तीन रकाने आखा: आज कुणाला सर्दी-खोकला, कोणत्या बाळाला कुणी भरवलं, कुणी लंगोट बदलला. लक्षणं बहुधा चार ते सहा दिवसांनी दिसतात, म्हणून साथीत आठवडाभर मागची पानं उलटावी लागतात; ती कोरी असतील तर तपास तिथेच अडतो. त्या वहीत मावशींची सर्दीही आली पाहिजे, आणि पगार कापला जाणार असेल तर कुठलीही मावशी ती सांगणार नाही. सर्दीच्या दिवसांची पगारी सुट्टी द्या. तिचा खर्च पालकांनी वाटून घ्यावा, आणि ते बोलणं याच महिन्याच्या पालकसभेत व्हावं.