अंतराळातला हशा



संमेलनाच्या अध्यक्षाने विषय जितका रुंद करता येईल तितका करावा असा आपल्याकडे रिवाज आहे. विज्ञान आणि समाज, विज्ञान आणि संस्कृती, विज्ञान आणि उद्याची पिढी अशा मथळ्यांखाली काहीही बोलता येते आणि कोणी हरकत घेत नाही. मी आज तो रिवाज मोडून एकाच अरुंद प्रश्नावर बोलणार आहे. अंतराळात घडणारी विनोदी मालिका अस्सल विज्ञानकथा मानायची की नाही? प्रश्न किरकोळ वाटेल. पण त्याचे उत्तर द्यायचे तर विज्ञानकथा कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते, आणि तिथे आपली पंचाईत होते. कारण विज्ञानकथेची आपली कल्पना बरीचशी तिच्या चेहऱ्यावरून बांधलेली असते. कपाळाला आठ्या असल्या की विज्ञान, ओठांवर हसू आले की पोरखेळ. ही कसोटी चुकीची आहे असे माझे म्हणणे आहे, आणि ते एका ब्रिटिश मालिकेच्या आधाराने मांडतो.

15 फेब्रुवारी 1988 रोजी बीबीसी टू वाहिनीवर ‘रेड ड्वार्फ’चा पहिला भाग दाखवला गेला. लेखक रॉब ग्रँट आणि डग नेलर. मालिका उघड उघड सिटकॉम आहे, प्रेक्षकांच्या हशासकट. खाणकामासाठी बांधलेल्या एका अवाढव्य अवकाशयानावर लिस्टर नावाचा अगदी खालच्या पायरीचा तंत्रज्ञ आहे. त्याने यानावर एक मांजर चोरून आणले आहे. शिक्षा म्हणून त्याला ‘स्टेसिस’मध्ये, म्हणजे काळ थांबवणाऱ्या कोठडीत टाकतात. तेवढ्यात किरणोत्सर्गाची गळती होऊन यानावरचे सगळे मरतात. किरणोत्सर्ग सुरक्षित पातळीवर येईपर्यंत यानाचा संगणक लिस्टरला बाहेर काढत नाही, आणि त्याला लागतात तीस लाख वर्षे. लिस्टर बाहेर येतो तेव्हा त्याच्या सोबतीला दोघे आहेत. एक त्याचाच मेलेला वरिष्ठ, रिमर. संगणकाने जतन केलेल्या व्यक्तिमत्त्वावरून उभा केलेला प्रकाशाचा पुतळा, ज्याला कशालाही हात लावता येत नाही. दुसरा त्या चोरट्या मांजराचा वंशज. तळघरात सुरक्षित राहिलेल्या पिल्लांची तीस लाख वर्षांत दोन पायांवर चालणारी, कपड्यांची हौस असलेली जात झाली, तिच्यातला हा एक. आता या मांडणीतून विज्ञानाची गृहीतके काढून टाका आणि काय उरते ते पाहा. काहीच उरत नाही. मांजर काढा, स्टेसिस काढा, किरणोत्सर्गाचा क्षय काढा, जतन केलेले मन काढा, म्हणजे मालिकेला पात्रेही नाहीत आणि प्रसंगही नाहीत.

विज्ञानकथेची व्याख्या करण्याचा सर्वांत कसोशीचा प्रयत्न डार्को सुविन या अभ्यासकाने केला. 1979 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने दोन गोष्टी मागितल्या. कथेच्या जगात आपल्या जगात नसलेली एक नवी गोष्ट हवी, आणि त्या नव्या गोष्टीचे परिणाम बुद्धीला पटतील अशा रीतीने उलगडले पाहिजेत. या दोन्ही मागण्यांत चेहरा गंभीर ठेवण्याची अट कुठेच नाही. मी तर एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की दुसरी मागणी विनोदाला अधिक जाचक ठरते. गंभीर कथेत लेखकाने मध्येच नियम वाकवला तर वाचक वातावरणाच्या ओघात चालवून घेतो. विनोदाला ती सवलत नाही. हसू यायचे तर प्रेक्षकाला नियम आधी ठाऊक असावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी तसाच लागू व्हावा लागतो. ‘रेड ड्वार्फ’मध्ये एक साधा नियम आहे: यानाला एका वेळी एकच मृत माणूस अशा प्रकाशरूपात चालवता येतो. लिस्टरला रिमरऐवजी आपली लाडकी कोचान्स्की हवी आहे. पण रिमर बंद व्हायला तयार नाही, आणि तो हुद्द्याने वर आहे. मग लिस्टर त्याच्यापेक्षा वरचा हुद्दा मिळवण्यासाठी स्वयंपाक्याच्या परीक्षेला बसतो. अख्खा भाग त्या एका मर्यादेतून निघतो. मेलेल्या माणसाला सत्ता सोडायची नाही आणि जिवंत माणूस त्याच्या हुकमात, हा प्रश्न विनोदाचा आहे की विज्ञानकथेचा? दोन्हींचा. मृतांच्या संदेशांवरून त्यांच्याशी ‘बोलणारे’ संगणक तयार होऊ लागलेल्या आजच्या दिवसांत तर तो जरा जास्तच जवळचा वाटतो.

याहून चांगला पुरावा पहिल्याच पर्वातल्या ‘वेटिंग फॉर गॉड’ या भागात आहे. लिस्टरला कळते की मांजरांच्या जातीने त्यालाच देव मानले होते. फिजी बेटावर जाऊन खाण्याचे दुकान काढायचे एवढेच त्याचे स्वप्न. तेच त्यांचे स्वर्गाचे वचन झाले. दुकानात घालायच्या कागदी टोप्या लाल असाव्यात की निळ्या यावरून त्यांच्यात धर्मयुद्ध पेटले आणि त्यात बहुतेक जण मेले. शेवटी दोन्ही पंथ आपापली याने घेऊन निघाले. एका पंथाने देवाच्या धुवायच्या कपड्यांची यादी ताऱ्यांचा नकाशा म्हणून वापरली आणि ते यान सरळ लघुग्रहावर आदळले. लिस्टर हे ऐकून हतबुद्ध होतो, कारण त्याच्या मनातल्या टोप्या हिरव्या होत्या. आता याच्या शेजारी वॉल्टर मिलर यांची ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ ही कादंबरी ठेवा. 1961 सालचा ह्यूगो पुरस्कार मिळालेली ही कादंबरी विज्ञानसाहित्याच्या मानाच्या फडताळात असते. अणुयुद्धानंतरच्या जगात तिच्यातले भिक्षू एका अभियंत्याने लिहिलेली वाणसामानाची यादी पवित्र अवशेष म्हणून जपतात. कल्पना तीच. संदर्भ तुटला की कागदाचा तुकडा धर्मग्रंथ होतो, आणि हे व्हायला फक्त वेळ पुरेसा लागतो. मिलरला विज्ञानलेखक म्हणायचे आणि ग्रँट-नेलर यांना विदूषक, याला स्वरापलीकडे आधार कोणता? शिवाय मिलरची कादंबरीही तिरकस विनोदाने भरलेली आहे, हे तिचे भक्त सोयीने विसरतात.

पण अंतराळातला प्रत्येक विनोद मी पदरात घेणार नाही. माझी कसोटी सोपी आहे. यानाच्या जागी सरकारी कचेरी, लष्करी छावणी किंवा चाळ ठेवून पाहा. विनोद तसाच राहिला तर ती विज्ञानकथा नाही, अंतराळाचा पडदा लावलेले प्रहसन आहे. असे पुष्कळ असते. खुद्द ‘रेड ड्वार्फ’च्या सुरुवातीच्या भागांत दोन माणसे एका खोलीत खाटांवर पडून भांडतात, ते भांडण ‘स्टेप्टो अँड सन’मधल्या भंगारवाल्या बापलेकांच्या तोंडी सहज शोभले असते. यानावर किती माणसे होती हा आकडासुद्धा मालिकेने बदलला. आधी 169, नंतर 1,169. गमतीसाठी मालिका आपले नियम मोडते तेव्हा ती विज्ञानकथा म्हणून तेवढ्यापुरती हरते, हे मी मान्य करतो. म्हणून निवाडा मालिकेवर ठोक करण्याऐवजी भागागणिक करावा. पण हा न्याय गंभीर मालिकांनाही लावा. तिथेही कौटुंबिक कलह आणि दरबारी कारस्थानांचे असंख्य भाग आहेत ज्यांना अंतराळाची गरजच नव्हती.

पहिला आक्षेप येतो तो विज्ञानाच्या चुकांचा. ‘फ्यूचर एकोज’ या भागात यान प्रकाशाचा वेग गाठते आणि यानावरच्यांना भविष्यातल्या घटनांच्या प्रतिमा दिसू लागतात. आईन्स्टाईनच्या सापेक्षतेत अशा प्रतिमांना जागा नाही, हे खरेच. पण या निकषावर किती जण टिकतील? ज्यूल व्हर्नने 1865 साली तोफेतून माणसे चंद्राकडे डागली. त्या धक्क्याने ती तोफेतच चिरडली असती. वेल्सने 1901 साली गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ कल्पिला. ‘स्टार ट्रेक’मध्ये माणसे एका ठिकाणी विरघळून दुसरीकडे उगवतात, प्रत्येक ग्रहावर यान उतरवून दाखवणे खर्चाला परवडेना म्हणून ती युक्ती निघाली. म्हणजे गंभीर विज्ञानकथेचे एक मानचिन्ह खर्चाच्या वहीतून आले आहे. उलट ‘रेड ड्वार्फ’च्या लेखकांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते: परग्रहवासी दाखवायचे नाहीत. वाटेत भेटणारा प्रत्येक विचित्र जीव आणि यंत्रमानव मूळचा पृथ्वीवरचा, माणसाने घडवलेला किंवा त्याच्यासोबत गेलेल्या जिवांतून निघालेला. दर आठवड्याला नाकावर रबर चिकटवलेला नवा परग्रहवासी आणणाऱ्या मालिकांपेक्षा हे बंधन पुष्कळ कडक आहे.

आणि विनोदी मालिकांनी काटेकोर काम केल्याची उदाहरणेही आहेत. ‘फ्यूचरामा’ या अमेरिकन कार्टून मालिकेत 2010 साली ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’ हा भाग आला. त्यात दोन शरीरांतली मने अदलाबदल करणारे यंत्र आहे, पण तीच दोन शरीरे पुन्हा एकमेकांशी बदलता येत नाहीत. गोंधळ वाढत जातो आणि शेवटी प्रश्न उरतो की सगळे आपापल्या शरीरात परतायचे कसे. भागाचा लेखक केन कीलर हा हार्वर्डचा उपयोजित गणितातला पीएच.डी. अदलाबदल कितीही गुंतागुंतीची असली तरी दोन नवी माणसे मदतीला घेतल्यास प्रत्येकाला मूळ जागी आणता येते हे प्रमेय त्याने सिद्ध केले, आणि ती सिद्धता पडद्यावरच्या फळ्यावर लिहिलेली दिसते. 2014 साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त या प्रमेयाचा पुढचा अभ्यास छापून आला. दूरचित्रवाणीवरच्या किती गंभीर विज्ञानकथांनी गणितज्ञांना काम दिले आहे? कमी सोवळे उदाहरण हवे असेल तर 2020 मधली ‘अव्हेन्यू 5’ पाहा. तिथे प्रवाशांची विष्ठा यानाच्या भिंतींत साठवून किरणोत्सर्गाला आडोसा केलेला आहे, आणि त्यावरून हवा तितका ओंगळ विनोद होतो. पण 2013 साली ‘इन्स्पिरेशन मार्स’ या मोहिमेच्या आखणीत पाणी, अन्न आणि मलमूत्र यांचा अशाच आडोशासाठी विचार झाला होता. नाक मुरडण्याआधी अभियंत्यांना विचारावे हे बरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मला त्याचा आदर वाटतो. विज्ञानकथेने विश्वापुढे विस्मय जागवावा; हसण्याने विस्मय मरतो, असे हा आक्षेप सांगतो. याला एक चित्रपट उत्तर देतो. 1974 साली जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी ‘डार्क स्टार’ काढला. त्यात समुद्रकिनाऱ्यावर खेळायच्या फुग्यासारखा दिसणारा एक परग्रहवासी यानात धुमाकूळ घालतो, आणि स्फोट होऊ पाहणाऱ्या बॉम्बची समजूत काढण्यासाठी त्याच्याशी ज्ञानमीमांसेवर वाद घालावा लागतो. प्रेक्षक त्या फुग्याला हवे तसे हसेनात तेव्हा ओबॅननने हीच मांडणी भीतीसाठी वापरायची ठरवली, आणि त्यातून 1979 चा ‘एलियन’ उभा राहिला. बंद यान, थकलेले कर्मचारी, आत शिरलेला जीव. सांगाडा तसाच राहिला, बदलला तो रस. आपल्या काव्यशास्त्राला हे समजावून सांगायची गरज नाही. एकाच कथावस्तूतून हास्यही निघते आणि भयानकही. ‘एलियन’ विज्ञानकथा असेल तर ‘डार्क स्टार’ला बाहेर कसे ठेवणार? विस्मयाचेच बोलायचे तर डग्लस ॲडम्सच्या ‘हिचहायकर्स गाइड’कडे पाहा. 8 मार्च 1978 रोजी बीबीसी रेडिओ फोरवर सुरू झालेल्या या नभोनाट्यात आकाशगंगेतल्या वळणरस्त्यासाठी पृथ्वी पाडून टाकतात. आराखडा म्हणे योग्य त्या कार्यालयात पाहायला ठेवला होता. विश्वाचा आकार आणि त्यात माणसाची किंमत ही खगोलशास्त्राने दिलेली सर्वांत अवघड बातमी आहे. ती इतक्या लोकांच्या गळी उतरवणे गंभीर लेखकांना क्वचितच जमले. इथे हसूच विस्मयाला आत घेऊन येते.

विडंबन परोपजीवी असते, हा तिसरा आक्षेप फार वेळ थांबण्यासारखा नाही. काही विडंबने तशी असतातच. पण 1999 च्या ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ या चित्रपटाने ‘स्टार ट्रेक’ची टर उडवता उडवता स्वतःची कल्पना आणली. ज्यांना कल्पित गोष्ट म्हणजे काय हेच ठाऊक नाही असे परग्रहवासी जुनी मालिका इतिहास समजून पाहतात आणि तिच्यावरून खरेखुरे, चालणारे यान बांधतात. विज्ञानकथेच्या वाचकांनी त्याला 2000 सालचा ह्यूगो दिला. पोलंडच्या स्तानिस्लाव लेमने 1964 साली तंत्रज्ञानाच्या भवितव्यावर ‘सुम्मा टेक्नोलॉजिए’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि लगेच 1965 साली ‘सायबेरियाड’मधल्या चावट यंत्रकथा छापल्या. त्यातल्या एका कथेत एक यंत्रकर्ता पदच्युत जुलमी राजाला मन रमवायला पेटीतले छोटे राज्य करून देतो, आणि मग पेटीतल्या प्रजेच्या वेदना खऱ्या की नकली हा वाद उभा राहतो. तत्त्वज्ञान सांगायला लेमला विनोद अपुरा वाटला नाही.

आपल्याकडे काय? जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा नावातच खोडकर आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर इतिहास कसा वळला असता याचे स्पष्टीकरण ती आपत्ती सिद्धांत आणि पुंज यामिकी यांच्या आधाराने देते. आणि तिचा कळसाचा प्रसंग निखळ फार्स आहे. सभांची अध्यक्षपदे भूषवण्याची सवय झालेले गंगाधरपंत समांतर जगातल्या आझाद मैदानावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून बेधडक मंचावर चढतात. त्या जगात अध्यक्षीय भाषणांची प्रथा कधीच संपलेली असते, त्यामुळे श्रोते त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकतात. (आपण आज जो संयम दाखवत आहात त्याबद्दल आभार.) या हशाला वेगळ्या इतिहासाचे गृहीतक लागते; ते काढले तर विनोदच उरत नाही. मराठीतल्या एका अग्रगण्य विज्ञानलेखकाने ही वाट दाखवली असताना तिच्यावरून फारसे कोणी पुढे गेले नाही. याचे एक कारण आपल्या दिवाळी अंकांच्या वाटणीत आहे. विनोद ‘आवाज’कडे गेला, अद्भुत, गूढ आणि विज्ञान ‘नवल’ आणि ‘धनंजय’कडे. लेखकही तसेच वाटले गेले.

म्हणून संपादकांना आणि विज्ञानकथा स्पर्धांच्या परीक्षकांना माझी विनंती आहे. विनोदी कथा आली की तिला उत्तेजनार्थ बक्षिसाकडे ढकलू नका. तिच्यातले गृहीतक काढून पाहा; कथा कोसळली तर ती पहिल्या क्रमांकाच्या चर्चेत घ्या. आणि ज्या तरुण लेखकांना विज्ञान येते आणि हसवताही येते, त्यांनी पुढच्या संमेलनाला अशी निदान एक कथा घेऊन यावे.